होतो म्हणजे वॉज की हॅड? आणि डिड आलं की वेन्टचं परत गो का होतं?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. बरेच दिवस विचारू की नको असं चाललं होतं, आज विचारूनच टाकते. माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालं, इंग्रजी व्याकरण तसं कच्चं नाहीये, गो वेन्ट गॉन, सी सॉ सीन हे तक्ते आजही झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. पण बोलायला लागले किंवा घाईत मेल लिहायची वेळ आली की भूतकाळात हमखास घसरते.

गेल्या आठवड्यात झालं असं, की दुसऱ्या टीमला एक फाइल मी आदल्या दिवशीच पाठवली होती, तरी त्यांचा मेसेज आला फाइल कुठंय म्हणून. मी लिहिलं 'आय वॉज सेन्ट द फाइल यस्टर्डे'. डोक्यात सरळ मराठी होतं, पाठवली होती, होती म्हणजे वॉज. त्यावर उलट मलाच विचारणा, 'हू सेन्ट इट टू यू?' मला काही कळेचना की हे असं का विचारतायत, मी परत तेच वाक्य लिहून पाठवलं आणि या घोळात अर्धा दिवस गेला. शेवटी शेजारच्या सहकाऱ्याने बघितलं, म्हणाला वॉज काढ, हॅड टाक. मग मी सगळीकडेच हॅड टाकायला लागले, आय हॅड कॉल्ड यस्टर्डे, आय हॅड चेक्ड, वुई हॅड डिस्कस्ड. आता दुसरी एक जण म्हणते एवढे हॅड नको लावूस, वाचायला विचित्र वाटतं. मग लावायचं तरी काय?

दुसरं म्हणजे डिडन्ट वेन्ट. चूक आहे हे मला माहितीय, तरी तोंडातून तेच येतं, कारण गोष्ट कालची आहे ना, मग वेन्ट का नको हे मनाला पटतच नाही. डिड आलं की पहिलं रूप हा नियम पाठ आहे पण का ते कधी कोणी सांगितलंच नाही.

आणि जाता जाता, ईडी लावलेल्या शब्दांचा उच्चार नेमका कसा करायचा? मी आस्केड, हेल्पेड असं म्हणते आणि समोरचा क्षणभर थांबतो.

जुनी वही

ताई, आधी तुमच्या मेलबद्दल. 'आय वॉज सेन्ट द फाइल' हे वाक्य इंग्रजीत चुकीचं असतं तर बरं झालं असतं, समोरच्याने चूक समजून घेतली असती. पण ते एकदम शुद्ध वाक्य आहे, फक्त त्याचा अर्थ 'मला फाइल पाठवण्यात आली' असा होतो. वॉजच्या पुढे क्रियापदाचं तिसरं रूप आलं की कर्ता काम करणारा राहत नाही, काम त्याच्यावर झालेलं असतं. म्हणून त्यांनी विचारलं कोणी पाठवली, त्यांच्या बाजूने तो प्रश्न अगदी सरळ होता. 'आय वॉज पेड' म्हणजे मी पैसे भरले होते नाही, मला पैसे मिळाले. 'आय वॉज कॉल्ड' म्हणजे मला कोणीतरी बोलावलं. 'आय वॉज नॉट अंडरस्टुड' म्हणजे तर माझं म्हणणं कोणाला कळलंच नाही, आणि आपल्याला म्हणायचं असतं मला कळलं नाही. मी बरीच वर्षं मुलांना शिकवते, आपल्या मराठी मुलांची ही चूक जितकी ऐकलीय तितकी दुसरी कुठलीच नाही, आणि ती बेशिस्तीतून होत नाही हे मला मुद्दाम सांगायचंय. ती आपल्या 'होतो'मुळे होते.

आपला होतो किती ठिकाणी राबतो बघा. मी घरी होतो. मी जात होतो. माझ्याकडे पेन होतं. मी जाणार होतो. मी गेलो होतो. शब्द एकच, इंग्रजीत मात्र आय वॉज ॲट होम, आय वॉज गोइंग, आय हॅड अ पेन, आय वॉज गोइंग टू गो. यातला पेनवाला सोडला तर बाकी तिन्हीकडे वॉज बसलं, म्हणून पाचव्यालाही आपला हात आपोआप वॉजकडे जातो. आणि कोणी टोकलं की हॅडकडे जातो. खरं तर पाचव्याला बहुतेक वेळा दोन्ही नको असतं.

आता जरा लक्ष देऊन वाचा, कारण सगळी गंमत इथेच आहे. काल कुठे होतीस असं कोणी विचारलं तर आपण 'मैत्रिणीकडे गेले होते' असंच म्हणतो, 'मैत्रिणीकडे गेले' असं म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं पुढे अजून काहीतरी सांगणार आहे. मराठीत तो होते एवढंच सांगतो की जाणं झालं, परत येणं झालं, विषय संपला. म्हणजे आपल्याकडे ती झालेल्या गोष्टीची रोजची, साधी मांडणी आहे. इंग्रजीत त्या रोजच्या साध्या मांडणीचं काम एकटं दुसरं रूप करतं. आय वेन्ट टू माय फ्रेंड्स प्लेस. बास. वेन्टमध्येच गेले पण आलं आणि गेले होते पण आलं.

मग हॅड कधी? जेव्हा भूतकाळात दोन गोष्टी असतात आणि त्यातली एक दुसरीच्याही आधी उरकलेली असते तेव्हा. तुम्ही ऑफिसच्या कॉलवर उशिरा आलात असं धरा. 'व्हेन आय जॉइन्ड द कॉल, दे हॅड डिसायडेड' म्हणजे मी आले तेव्हा त्यांचं ठरून गेलं होतं, मला कोणी विचारलं नाही. 'व्हेन आय जॉइन्ड द कॉल, दे डिसायडेड' म्हणजे मी आले आणि मग त्यांनी ठरवलं. एका हॅडने तुम्ही निर्णयाच्या बाहेर होता की आत होता ते बदललं. म्हणून नुसतं 'आय हॅड कॉल्ड यस्टर्डे' लिहिलं की इंग्रजी वाचणारा थांबतो, त्याला वाटतं कशाच्या आधी? ती दुसरी गोष्ट कुठंय? तुमच्या त्या सहकारी म्हणाल्या ते विचित्र वाटणं हेच.

मी वर्गात एवढंच करायला सांगते, वाक्यात 'त्याच्या आधीच' हे शब्द घालून बघा. घातले आणि शोभले तर हॅड, नाही तर नुसतं दुसरं रूप. काल फोन केला होता, इथे त्याच्या आधीच कुठे बसतं का? नाही. आय कॉल्ड यस्टर्डे.

तुमच्या मेलमध्ये 'आय सेन्ट द फाइल यस्टर्डे' हवं होतं. किंवा यस्टर्डे काढून 'आय हॅव सेन्ट द फाइल', म्हणजे पाठवली आहे, कधी ते महत्त्वाचं नाही, आता तुमच्याकडे असायला हवी. पण हॅव आणि यस्टर्डे एका वाक्यात आणू नका, वेळ सांगितली की हॅव गेलं. मराठीत 'काल पाठवली आहे' खुशाल चालतं म्हणून इथेही आपण फसतो.

कानसेन

जुनी वही यांनी होतोचं इतकं छान सांगितलंय की त्यात भर घालायची गरज नाही, मी डिडबद्दल लिहितो कारण मी स्वतः त्यात फार वर्षं अडकलेला होतो.

आपण डिडन्ट वेन्ट का म्हणतो? कारण मराठीत 'गेलो नाही' म्हणतो. नाही हा शब्द आला तरी गेलो तसाच राहतो, भूतकाळ क्रियापदाच्याच अंगावर राहतो. म्हणून वेन्ट सोडवत नाही. पण मराठीतच दुसरी पण रीत आहे. 'मी जात नव्हतो' हे बघा. इथे भूतकाळ कुठंय? नव्हतो मध्ये. आणि जात? तो अगदी कोरा. मी जात नाही, मी जात नव्हतो, जातला काही फरक पडला का? आणि 'गेलो नव्हतो' तर आपण म्हणतोच, पण तो वेगळा अर्थ झाला. डिडन्ट गो हे जात नव्हतो सारखं बांधलेलं आहे, भूतकाळाचा शिक्का मदतनीसावर मारला, मूळ क्रियापद कोरं. (अर्थ मात्र गेलो नाही असाच, बांधणीपुरतंच म्हणतोय.)

एका क्रियापदाच्या गाडीत शिक्का एकदाच, आणि तो पहिल्या डब्यावर, हे डोक्यात बसलं की बरंच काही आपोआप सुटतं. डिड यू गो, डिड वर शिक्का. वॉज गोइंग, वॉज वर. हॅड गॉन, हॅड वर. मदतनीस नसेल तर मग क्रियापद स्वतःच घेतं, वेन्ट. 'डिड यू रिसीव्ह्ड' मध्ये दोन शिक्के पडले म्हणून चूक.

आणि डिड पूर्वीपासून असं सक्तीचं नव्हतं बरं का. जुन्या इंग्रजीत सरळ 'आय नो नॉट' म्हणायचे, मला माहीत नाही, नुसतं क्रियापद आणि पुढे नॉट. डू आणि डिड नकारात आणि प्रश्नात पक्के व्हायला 16 वं 17 वं शतक उजाडलं. म्हणजे आपल्याला जे अवघड जातंय ते त्या भाषेतही नंतर आलेलं आहे. मला हे कळल्यावर फार हलकं वाटलं होतं.

अजून दोन ठिकाणं सांगतो. एक, 'आय वॉज नॉट नो' असं बरेच जण म्हणतात, मला माहीत नव्हतं मधलं नव्हतं म्हणजे वॉज नॉट असं धरून. आय डिडन्ट नो. वॉजच्या पुढे नो, गो, सेन्ड अशी कोरी रूपं येत नाहीत, तिथे गोइंग तरी हवं नाही तर तिसरं रूप. दोन, हू ने सुरू होणारे प्रश्न. 'कोण आलं होतं?' हू केम? इथे डिड नाहीच, कारण हू स्वतःच कर्ता आहे. पण 'तू कोणाला भेटलास?' हू डिड यू मीट? इथे कर्ता यू आहे म्हणून डिड आलं. ही जोडी जमायला मला वेळ लागला, हू सॉ यू आणि हू डिड यू सी, एकात बघणारा कोण ते विचारलंय, दुसऱ्यात दिसलेला कोण ते.

बाकी डिड नकार आणि प्रश्न सोडून साध्या होकारातही येतो, जोर द्यायला. कोणी म्हणालं तू मेल पाठवलीच नाहीस, तर 'आय डिड सेन्ड इट', पाठवली की! आपल्या त्या 'की'चं काम तिथे डिड करतं. इथेही सेन्ड, सेन्ट नाही.

दोन ओळी

एवढा विचार करून कोणी बोलतं का? नियम सोडा, रोज 15 मिनिटं ऐका, आपोआप येतं. मला एकही नियम येत नाही आणि कॉल व्यवस्थित होतात.

जुनी वही

दोन ओळी, ऐकण्याबद्दल शंभर टक्के सहमत, कानाला सवय झाल्याशिवाय तोंडाला होत नाही. पण ताईंचं वाक्य असं होतं की ऐकून चूक पकडताच आली नसती, कारण 'आय वॉज सेन्ट' हे इंग्रजी बोलणारेही म्हणतात, वेगळ्या अर्थाने म्हणतात एवढंच. जिथे आपली भाषा आणि ती भाषा एका शब्दावर वेगळ्या वाटेने जातात ती जागा कोणीतरी बोट ठेवून दाखवावीच लागते. मोठी माणसं दुसरी भाषा शिकतात तेव्हा डोकं कारण मागतं, आणि मागू दे की.

शेवटचा बाक

उच्चाराचं आणि अनियमित क्रियापदांचं मी घेतो.

ईडी दिसलं की एड म्हणायचं नाही. मूळ शब्दाचा शेवटचा आवाज बघा, स्पेलिंग नाही, आवाज. तो क, प, फ, स, श, च असला तर ईडीचा नुसता ट होतो, आस्क्ट, हेल्प्ट, वॉश्ट, वॉच्ट, फिक्स्ट. बाकीच्यांना ड, कॉल्ड, प्लेड, ओपन्ड, जॉइन्ड. आणि शेवट मुळातच ट किंवा ड असेल तरच वेगळा इड ऐकू येतो, वॉन्टिड, नीडिड, डिसायडिड. कारण ट ला ट चिकटवता येत नाही, मध्ये स्वर घालावाच लागतो. गळ्यावर बोट ठेवून क आणि ग म्हणून बघा, ग ला गळा थरथरतो, क ला नाही. थरथर असेल तर ड, नसेल तर ट, एवढं सोपं आहे. आस्क्ट म्हणताना जीभ अडखळते, खरंय, स क ट तीन व्यंजनं लागोपाठ येतात, पण राष्ट्र म्हणणाऱ्याला आस्क्ट जमेल.

आता पाठांतर. पूर्ण तक्ता वरून खाली पाठ करू नका, त्यांची बिऱ्हाडं वेगवेगळी आहेत ती ओळखा. कट, पुट, हिट, शट, हर्ट, लेट, कॉस्ट ही मंडळी तिन्ही रूपांत जशीच्या तशी. सिंग सँग संग, तसंच रिंग, ड्रिंक, स्विम, बिगिन, इ चा ॲ आणि मग अ. ब्रॉट, बॉट, थॉट, टॉट, कॉट एका चालीची, त्यांचं दुसरं आणि तिसरं रूप एकच. कम केम कम आणि रन रॅन रन, ही फिरून घरी येतात. रीडचं स्पेलिंग बदलत नाही, वाचताना मात्र रेड होतं. आणि फाइंडचं फाउंड म्हणजे सापडलं, पण फाउंड हे स्वतंत्र क्रियापदही आहे, स्थापन करणे, त्याचं फाउंडेड. संस्था फाउंडेड, किल्ली फाउंड. इथे भलेभले चुकतात.

गोचं वेन्ट कसं झालं हे मला फार आवडतं म्हणून सांगतोच. वेन्ट मुळात गोचं नाहीच, ते वेंड नावाच्या वेगळ्या क्रियापदाचं रूप आहे, सेंड सेन्ट, स्पेंड स्पेन्ट, लेंड लेन्ट, तसं वेंड वेन्ट. गोचं स्वतःचं जुनं भूतकाळी रूप मागे पडलं आणि त्या जागी वेन्ट येऊन बसलं. विचित्र वाटतंय? मग आपल्याकडे बघा. जाणेचं गेला कसं काय होतं? जातो मध्ये ज आहे, गेला मध्ये त्याचा मागमूस नाही. जाणे आलं संस्कृतच्या 'या' वरून आणि गेला आलं 'गम्'च्या गत वरून. दोन वेगळे धातू एका घरात नांदतायत. येणेचं आला, करणेचं केला, मरणेचं मेला, सांगणेचं सांगितलं पण बांधणेचं बांधितलं नाही, बांधलं. हे तक्ते आपण कधी पाठ केले होते? लहानपणापासून रोज कानावर पडले म्हणून येतात.

इंग्रजीतही तेच झालंय. बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक, नो, टेक, सी, कम, थिंक, सगळ्यात जास्त वापरात असलेली ही क्रियापदं, आणि यातलं एकही ईडी लावून चालत नाही. रोजच्या वापरामुळेच त्यांची जुनी रूपं टिकली. जी कमी वापरात होती ती हळूहळू ईडीच्या रांगेत गेली, हेल्पचा भूतकाळ पूर्वी होल्प होता, आता हेल्प्ट. 2007 साली नेचर या विज्ञान साप्ताहिकात यावर एक अभ्यास आला होता, जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं घेऊन त्यांनी बघितलं तर त्यातली 98 आज अनियमित उरलीत. म्हणजे अभ्यास करताना जी रोज लागतात ती आधी पक्की करा, क्वचित लागणारी नंतर.

अर्धविराम

बाप रे, एवढं सगळं. तुम्हा सगळ्यांचे खरंच मनापासून आभार, मी वहीत उतरवून घेतलंय. वॉज सेन्टचा अर्थ वाचला तेव्हा अक्षरशः दचकले, त्या बिचाऱ्यांना मी दोनदा सांगितलं की मला फाइल मिळालीय!

दोन शंका राहिल्या. 'मी पूर्वी तिकडे जायचे' हे कसं म्हणायचं, तिथे होते नाहीये. आणि हॅड हॅड असं लागोपाठ दोनदा एका लेखात दिसलं, ते छापताना झालेलं का?

जुनी वही

छापण्याची चूक नाही. पहिला हॅड मदतनीस, दुसरा हॅड हॅवचं तिसरं रूप. 'शी हॅड हॅड द सेम प्रॉब्लेम बिफोर', तिला आधीही तीच अडचण आली होती. इथे हॅड गॉनसारखंच आहे, गॉनच्या जागी हॅड. बोलताना पहिला इतका आखूड होतो की शीड हॅड असा ऐकू येतो.

जायचे साठी 'आय यूज्ड टू गो देअर'. आता नाही जात हे त्यातच आलं. आणि एक बघा, नकारात ते 'आय डिडन्ट यूज टू गो' होतं, लिहिताना यूजचा शेवटचा डी गळतो. कानसेन म्हणाले तोच शिक्का, डिडवर पडला म्हणून यूजवरचा गेला. बोलताना फरक कळतच नाही, टू मध्ये मिसळून जातो, पण लिहिताना दिसतो.

शेवटचा बाक

हॅड बद्दल एक बारीक गोष्ट राहिली. बिफोर किंवा आफ्टर वाक्यात असेल तर क्रम त्यातूनच कळतो, मग हॅड नसला तरी चालतं. 'शी लेफ्ट बिफोर आय कॉल्ड' अगदी बरोबर आहे. व्हेन असेल तेव्हा मात्र जपा, वरच्या कॉलच्या उदाहरणासारखं.

अर्धविराम

आज सकाळीच प्रसंग आला. आधी मराठीत विचार केला, पाठवली होती, मग 'त्याच्या आधीच' लावून बघितलं, बसेना, म्हणून हॅड काढला. हे पाठवायच्या आधी एकदा बघता का?

'आय सेन्ट द रिपोर्ट ऑन मंडे. डिड यू रिसीव्ह इट? आय ॲम आस्किंग बिकॉज आय डिडन्ट गॉट एनी रिप्लाय.'

कानसेन

पहिली दोन वाक्यं एकदम चोख. शेवटच्यात शिक्का दोनदा पडलाय, डिडन्ट गेट करा आणि पाठवून टाका.